दुःख ऐकण्याचा परवाना : बोस्टन १९०८ पासून आजपर्यंत

१/
गेल्या आठवड्यात एका वाचकाचा निरोप आला. "दादा, मी इतिहास घेऊन बी.ए. झालो. अमेरिकेत समुपदेशनाच्या एम.ए.ला मला प्रवेश मिळेल का? आणि शिकून झाल्यावर परवाना मिळेल का?" या खात्यावर ताम्रपट, गढ्या आणि मोडी कागद यांविषयी प्रश्न येतात; हा प्रश्न वाट चुकून आल्यासारखा वाटला. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो. पण या अटी आल्या कुठून, याचा माग काढू लागलो आणि चार रात्री त्यातच गेल्या. म्हणून आजचा हा लांबलचक धागा. यात इतिहास आहे तसे माझे मतही आहे. ते कुणाला पटणार नाही, याची कल्पना आहे.

२/
आधी थोडक्यात उत्तर. होय, प्रवेश मिळू शकतो. अमेरिकेत समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला बहुतेक ठिकाणी कोणत्याही विषयातील पदवी चालते. काही विद्यापीठे मानसशास्त्राचे आणि संख्याशास्त्राचे एखाद-दोन पाठ्यक्रम आधी पूर्ण करायला सांगतात. हेतुपत्र, शिफारसपत्रे आणि मुलाखत मात्र जवळजवळ सर्वत्र असते, आणि मुलाखत पुष्कळदा गटात होते. पाचसहा उमेदवारांना एकत्र बसवतात. कोण बोलतो हे परीक्षक पाहतात, आणि दुसरा बोलत असताना कोण ऐकतो हेही पाहतात. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

३/
आता शंभराहून अधिक वर्षे मागे जाऊ. १३ जानेवारी १९०८. बोस्टनच्या नॉर्थ एंड भागात इटली आणि पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरितांची दाटी होती. तिथल्या 'सिव्हिक सर्व्हिस हाऊस' या संस्थेत फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थाने 'व्होकेशन ब्युरो' उघडला. कामाच्या शोधात भटकणाऱ्या तरुणांना स्वतःचा कल ओळखता यावा, व्यवसायांची खरी माहिती मिळावी आणि या दोहोंचा मेळ घालता यावा, एवढाच त्याचा हेतू होता. आधुनिक समुपदेशन व्यवसायाची जन्मनोंद म्हणून इतिहासकार बहुधा याच दिवसाकडे बोट दाखवतात.

४/
या पार्सन्सची पात्रता काय होती? तो कॉर्नेलमधून अभियंता होऊन बाहेर पडला, मग कायदा शिकला, बोस्टन विद्यापीठात कायद्याची व्याख्याने दिली आणि १८९५ साली बोस्टनच्या महापौरपदाची निवडणूक लढवून हरला. मानसशास्त्राची पदवी नाही, परवाना नाही. तसा परवाना देणारे कुणी अस्तित्वातच नव्हते. आजच्या नियमांनी पाहिले तर समुपदेशनाच्या जनकाला समुपदेशन करण्याचा अधिकार पोहोचत नाही. हा विनोद त्या व्यवसायातील मंडळींना ठाऊक आहे, फक्त ते तो फार मोठ्याने सांगत नाहीत.

५/
पण पार्सन्सविषयी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. आपल्यासारखा कुणीही उठून हे काम करू लागेल, ही भीती पहिल्यांदा त्यालाच वाटली. ब्युरो सुरू केला त्याच वर्षी त्याने बोस्टनच्या वाय.एम.सी.ए.च्या साहाय्याने समुपदेशक घडवणारी शाळा काढण्याची खटपट केली. सप्टेंबर १९०८ मध्ये तो वारला. त्याचे 'चूझिंग अ व्होकेशन' हे पुस्तक पुढल्या वर्षी, मरणोत्तर प्रसिद्ध झाले. ब्युरोशी संबंधित मेयर ब्लूमफील्ड यांनी १९११ साली हार्वर्डमध्ये या विषयाचे वर्ग घेतले. तीन वर्षांत पदपथावरची गोष्ट हार्वर्डच्या वर्गात जाऊन बसली. संस्थांचा इतिहास वाचणाऱ्यांना हा वेग ओळखीचा वाटेल.

६/
जरा बाजूला वळतो. उपचाराला परवाना लावण्याची कल्पना याहून फार जुनी आहे. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या काळात, १५१२ च्या सुमारास, वैद्यकी करणाऱ्याने परवाना घ्यावा असा कायदा झाला आणि लंडनमध्ये तो परवाना द्यायचा कुणी, तर बिशपने! सुईणींनाही चर्चकडूनच परवाने मिळत. शरीर तपासण्याची लायकी कुणात आहे, हे आत्म्याची काळजी वाहणारे ठरवत होते. दारावरचा पहारेकरी नेमका कोण आहे, हा प्रश्न पहाऱ्याइतकाच महत्त्वाचा असतो, म्हणून हे सांगितले.

७/
मूळ रस्त्यावर येऊ, पण आता बोस्टन सोडून व्हिएन्नाला. फ्रॉइडच्या वर्तुळात थिओडोर राइक नावाचा माणूस होता. त्याची डॉक्टरेट मानसशास्त्रातली, प्रबंधाचा विषय फ्लोबेरची एक साहित्यकृती. तो वैद्य नव्हता. वैद्यकीय पदवीविना उपचार केल्याबद्दल ऑस्ट्रियातील भोंदूवैद्यकीविरोधी कायद्याखाली त्याच्यावर बालंट आले. त्याच्या बचावासाठी फ्रॉइडने १९२६ साली एक छोटे पुस्तकच लिहिले. स्वतः वैद्य असलेल्या फ्रॉइडचा मुद्दा असा की, मनाचे काम करणाऱ्याला शरीरशास्त्राच्या बऱ्याच भागाचा उपयोग नसतो. त्याला पुराणकथा, धर्म, संस्कृती आणि साहित्य यांचा अभ्यास असणे अधिक उपयोगी. इतिहासवाल्यांनो, कॉलर ताठ करायला हरकत नाही.

८/
राइकविरुद्धचे प्रकरण पुढे बारगळले. पण १९३८ साली नाझींच्या छायेतून निसटून तो न्यूयॉर्कला पोहोचला, तेव्हा तिथल्या मनोविश्लेषक मंडळाने त्याला पूर्ण सदस्यत्व नाकारले. कारण तेच: तू डॉक्टर नाहीस. ज्याच्यासाठी फ्रॉइडने लेखणी हाती धरली, त्याला फ्रॉइडचेच अमेरिकी अनुयायी दारात उभे करून ठेवत होते. राइकने १९४८ साली स्वतःची संस्था काढली. अमेरिकेतील ही कोंडी फुटायला मात्र मानसशास्त्रज्ञांना १९८५ मध्ये न्यायालयात जावे लागले. ऐंशीच्या दशकाअखेर तडजोड झाली आणि मगच दार उघडले. पन्नास वर्षे!

९/
आता ज्याच्यामुळे हा धागा लिहावासा वाटला, तो माणूस. कार्ल रॉजर्स. विस्कॉन्सिन विद्यापीठात तो शेतकी शिकायला गेला, मग विषय बदलला आणि १९२४ साली पदवी घेतली ती इतिहासात. निरोप पाठवणाऱ्या मित्रा, पुन्हा वाच: इतिहासात. पुढे दोन वर्षे धर्मशास्त्राची पाठशाळा, मग कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्र. विसाव्या शतकातील समुपदेशनावर ज्याच्याइतका ठसा क्वचितच कुणाचा असेल, तो पदवीच्या वर्षांत जुने ग्रंथ चाळत बसलेला विद्यार्थी होता.

१०/
रॉजर्सने रॉचेस्टर शहरात बारा वर्षे मुलांसोबत काम केले. तिथे मार्गदर्शन केंद्र उभे राहिले तेव्हा, वैद्य नसलेल्या माणसाने त्याचे प्रमुख व्हावे हे मनोविकारतज्ज्ञांना रुचले नाही. रॉजर्स झगडला आणि जिंकला. १९४२ साली त्याचे पुस्तक आले, 'काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी'. या शीर्षकात दोन्ही शब्द शेजारीशेजारी आहेत आणि त्या शेजारातच राजकारण आहे. 'सायकोथेरपी' हा शब्द डॉक्टरांनी आपल्या अंगणात बांधून ठेवला होता. 'काउन्सेलिंग'वर कुणाची मालकी नव्हती. जे दार मोकळे होते त्यातून हा सारा व्यवसाय आत शिरला.

११/
त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते प्रमाणपत्रांच्या साऱ्या इतिहासात ती सर्वांत मोलाची आहे. रॉजर्सने एका माणसाशी झालेल्या मुलाखतींची संपूर्ण मालिका, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, जशीच्या तशी छापली. त्या काळी टेप नव्हती. ध्वनिमुद्रणाची तबकडी काही मिनिटांत भरे, म्हणून दोन यंत्रे आळीपाळीने चालवावी लागत. तोवर बंद दाराआड काय होते याचा एकमेव साक्षीदार खुद्द उपचारकच असे. तो सांगेल ते खरे. रॉजर्सने दार किलकिले केले आणि आपल्या चुकाही ऐकू दिल्या.

१२/
आपल्या क्षेत्रात मूळ कागद आणि बखर यांत जो फरक, तोच इथे आहे. उपचारकाने सायंकाळी आठवून लिहिलेले टिपण म्हणजे बखर: रंगतदार, प्रामाणिकही असेल, पण लेखकाच्या सोयीने वळलेली. तबकडी म्हणजे अस्सल पत्र. आज अमेरिकेत समुपदेशनाचा विद्यार्थी प्रशिक्षणात असताना त्याच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण वा चित्रमुद्रण अशिलाच्या संमतीने होते, किंवा पर्यवेक्षक ती बैठक प्रत्यक्ष पाहतो. मग दोघे समोरासमोर बसतात. "इथे तो थांबला होता. तू लगेच का बोललास?" असा प्रश्न येतो. कोणत्याही लेखी परीक्षेत हा प्रश्न विचारता येत नाही.

१३/
मग कायदे कसे आले? सेवाभावाने आले असे कुणाला वाटत असेल, तर थोडी निराशा होईल. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली. दुसऱ्या वर्षी 'राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा' झाला. नावातच संरक्षण आहे. त्याच्या पाचव्या प्रकरणान्वये शाळांतील मार्गदर्शनासाठी आणि समुपदेशकांच्या प्रशिक्षणवर्गांसाठी केंद्राचा पैसा ओतला गेला. हुशार मुले हुडकायची आणि त्यांना विज्ञानाकडे वळवायचे, हा हेतू. विद्यापीठांत समुपदेशनाचे विभाग झपाट्याने वाढले. एका मुलाला रडू का येते हे समजून घेण्याचे शास्त्र एका उपग्रहाच्या धास्तीने पोसले गेले. इतिहासाला असल्या गोष्टींची सवय असते.

१४/
दुसरे कारण हद्दीचे. मानसशास्त्रज्ञांनी स्वतःचे परवाना कायदे आधीच करून घेतले होते. पहिला कनेक्टिकटमध्ये १९४५ साली, शेवटचा मिसूरीत १९७७ साली. हे कायदे होताच त्यांची मंडळे समुपदेशकांकडे वळली: तुम्ही करता ते आमचे काम, थांबवा. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी व्हर्जिनियातील जॉन वेल्डन या समुपदेशकाला तिथल्या मानसशास्त्रज्ञ मंडळाने असेच आव्हान दिले. समुपदेशन हा मानसशास्त्राहून वेगळा व्यवसाय आहे, मात्र त्यालाही नियमन हवे, असा न्यायालयाचा कौल आला. १९७६ साली व्हर्जिनियाने व्यावसायिक समुपदेशकांना परवाना देणारा देशातला पहिला कायदा केला.

१५/
गंमत पाहा. काल ज्यांना डॉक्टरांनी दारात अडवले होते, ते मानसशास्त्रज्ञ आज समुपदेशकांना अडवत होते. आणि समुपदेशकांना परवाना मिळताच तेही आपल्या दाराला कडी लावू लागले. १९८१ साली अभ्यासक्रमांना मान्यता देणारी परिषद स्थापन झाली, जिचे आद्याक्षरी नाव 'केकरेप'. १९८२ साली राष्ट्रीय प्रमाणन मंडळ आले आणि पाठोपाठ त्याची परीक्षा. एकेक राज्य पुढे येत गेले. शेवटचे राज्य होते कॅलिफोर्निया, तेही २००९ साली. व्हर्जिनिया ते कॅलिफोर्निया, तेहतीस वर्षांचा प्रवास.

१६/
आजची चौकट साधारण अशी. केकरेपच्या मान्यतेचा अभ्यासक्रम म्हणजे ६० सत्र-श्रेयांक. त्यात आधी किमान १०० तासांचे प्रात्यक्षिक, पैकी ४० तास थेट अशिलांसोबत. मग ६०० तासांची अंतर्वासिता, पैकी २४० तास थेट. पदवी हाती आली की परीक्षा. राष्ट्रीय परीक्षेत २०० प्रश्न असतात आणि त्यांतल्या १६० चेच गुण धरले जातात. त्यानंतरही बहुतेक राज्यांत पर्यवेक्षणाखाली दोन किंवा अधिक वर्षे काम करावे लागते. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी ते ३,००० तास भरते. तेव्हा कुठे पूर्ण परवाना. शिवाय तो राज्यापुरता: राज्य बदलले की अर्ज नव्याने. हे दुखणे कमी करण्यासाठी राज्यांनी आपसांत करार केला आणि दहा राज्ये सामील झाल्यावर, २०२२ साली, तो अंमलात आला.

१७/
हे सारे तास, श्रेयांक, मंडळे पाहून "इतके कशाला?" असे वाटेल. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी खुद्द रॉजर्सलाही वाटले. मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेपुढे बोलताना त्याने प्रमाणपत्रांच्या साऱ्या व्यवस्थेवरच शंका घेतली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, प्रमाणपत्रे असलेले भोंदू आणि प्रमाणपत्रे नसलेले कुशल लोक, दोन्ही विपुल आहेत. कागदाने भोंदूगिरी थांबत नाही, उलट व्यवसाय जिथे आहे तिथेच गोठतो. आणि हे बोलणारा रॉजर्स त्या संघटनेचा माजी अध्यक्ष होता. त्याच्याच अध्यक्षपदाच्या काळात, १९४७ च्या सुमारास, मानसशास्त्रज्ञांची पात्रता तपासणारे मंडळ उभे राहिले होते. स्वतः लावलेल्या झाडाविषयी असे बोलायला धैर्य लागते.

१८/
रॉजर्सविषयी मला नितांत आदर आहे. तरीही इथे मी त्याच्या बाजूला नाही, आणि कारण सांगतो. अकरावीत असताना मला एका 'करिअर मार्गदर्शका'कडे नेले होते. संगणकावर दीड तास प्रश्न सोडवून घेतले, वीस पानांचा रंगीत अहवाल छापून दिला आणि आईवडिलांना सांगितले की मुलाला इतिहासात गती नाही, वाणिज्य द्या. माझ्याशी त्या गृहस्थांचे बोलणे चार मिनिटेही झाले नसेल. मी सावरलो, वाणिज्याला वर्षभर तोंड देऊन परतलो. माझ्या बाबतीत प्रश्न शाखेचा होता. तोच माणूस त्याच खुर्चीत बसून घटस्फोटाच्या, नैराश्याच्या, आत्महत्येच्या विचारांच्या प्रकरणी अशीच चार मिनिटे देत असेल तर? त्याला विचारणारे कुणी नव्हते, हे मला नंतर कळले. तक्रार करायला दारच नव्हते.

१९/
म्हणून परवाना हवा. पण परवान्याच्या कोणत्या भागावर भर द्यायचा, इथे माझा वाद आहे. प्रवेशाच्या वेळी जी.आर.ई. घेण्याची प्रथा पाहा. ही परीक्षा १९३० च्या दशकात, उच्च शिक्षणाला योग्य विद्यार्थी निवडण्यासाठी कार्नेगी फाउंडेशनच्या पुढाकाराने जन्मली. शब्दसंग्रह आणि गणित यांत ती नेमकी असेल. समोरचा माणूस गप्प झाला तर त्या शांततेत बसता येते का, याविषयी ती एक अक्षरही सांगत नाही. अनेक समुपदेशन विभागांनी अलीकडे ती काढून टाकली, हे बरे झाले. केकरेपच्या २०१६ च्या मानकांत प्रवेशाच्या वेळी पाहायच्या गोष्टी दिल्या आहेत: अभ्यासाची कुवत, व्यावसायिक उद्दिष्ट, समुपदेशनाचे नाते जोडण्याची शक्यता आणि सांस्कृतिक भिन्नतेविषयी आदर. चारांतील दोन गोष्टी गुणपत्रिकेत सापडत नाहीत. म्हणून ती गटमुलाखत.

२०/
या निकषांत धोकाही आहे, तो लपवू नये. 'नाते जोडण्याची शक्यता' मोजणार कोण? प्राध्यापक. त्यांना न आवडणारा विद्यार्थी या शब्दांच्या आडून गाळता येतो. मिशिगनमधील एका विद्यापीठात एका विद्यार्थिनीने समलिंगी संबंधांविषयी समुपदेशन करण्याचे आपल्या श्रद्धेमुळे टाळले, तो अशील दुसऱ्याकडे पाठवावा म्हणाली, आणि २००९ साली तिला अभ्यासक्रमातून काढले गेले. प्रकरण न्यायालयात गेले. २०१२ साली अपील न्यायालयाने ते ज्यूरीपुढे जाण्याजोगे मानले आणि पुढे तडजोड झाली. माझे मत विद्यापीठाच्या बाजूला अधिक झुकते, कारण दारात आलेल्या माणसाने आधी समुपदेशकाची श्रद्धा तपासून यावे ही अपेक्षा अन्याय्य आहे. पण पहारेकऱ्याचीही झडती व्हावी, हे न्यायालयाचे म्हणणे मला पटते.

२१/
याहून मोठे दुखणे पैशाचे. ७०० तासांच्या प्रशिक्षणातील पुष्कळ तास बिनपगारी असतात. पदवीनंतरच्या पर्यवेक्षणाचे पैसे काही ठिकाणी उमेदवाराच्याच खिशातून जातात. दिवसा नोकरी करून घर चालवणाऱ्याने हे करायचे कसे? पार्सन्सची खोली गरीब स्थलांतरितांच्या मुलांसाठी होती. आज त्याच मुलांची पणतवंडे अशील म्हणून आत येऊ शकतात, पण समोरच्या खुर्चीत बसणे त्यांना परवडेलच असे नाही. आणि आपल्या वस्तीचा, आपल्या बोलीचा माणूस समोर नसेल तर कितीतरी लोक पहिल्या भेटीनंतर परत येत नाहीत. दर्जा राखायचा असेल तर तासांना वेतन द्यावे. तास कमी करू नयेत, अशिलाच्या जिवाशी सौदा नको. आणि फुकट राबवूनही घेऊ नये.

२२/
मान्यतेमागे पैशाचा आणखी एक धागा आहे. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २०१० साली समुपदेशकांच्या नेमणुकीसाठी केकरेप-मान्य पदवीची अट घातली, आणि एका खासगी परिषदेच्या शिक्क्याला सरकारी नोकरीचे वजन आले. वृद्धांच्या मेडिकेअर विम्यातून समुपदेशकांना मोबदला मिळू लागला तो थेट १ जानेवारी २०२४ पासून. व्यवसाय जन्मला १९०८ मध्ये. सरकारी विम्याच्या खातेवहीत त्याचे नाव चढायला ११६ वर्षे लागली.

२३/
आता घराकडे. 'समुपदेशन' हा आपला शब्दच पाहा. त्यात 'उपदेश' बसलेला आहे. रॉजर्सने जन्मभर ज्याला विरोध केला, ते आपण नावातच गोवून टाकले. (इंग्रजी 'काउन्सेल'चाही अर्थ सल्लाच, तेव्हा दोष एकट्या मराठीचा नाही.) पण शब्दाचा परिणाम होतो. आपल्याकडे या खुर्चीत बसणारे पुष्कळ जण बोलण्यासाठी बसतात, ऐकण्यासाठी नाही.

२४/
आणि तरीही र. धों. कर्वे आठवतात. गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक. ज्या गोष्टी घरात उच्चारायची सोय नव्हती, त्यांविषयी लोक त्यांना लिहीत आणि कर्वे उत्तरे देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरला, दंड झाला. मासिक १९५३ साली कर्वे वारले तोवर चालले. आजच्या अर्थाने ते समुपदेशक नव्हते. पण कडक परवान्याच्या राज्यात पहिल्यांदा गप्प बसवला गेला असता तो कर्वेच, आणि माझा तो वीस पानी अहवालवाला परीक्षा देऊन सुखाने पास झाला असता. माझ्याच मताविरुद्धचा हा सर्वांत बळकट पुरावा आहे. त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणेन की कर्वे जे लिहीत ते छापून सर्वांसमोर ठेवत. त्यांचे दार बंद नव्हते.

२५/
आपला कायदा कुठे आहे? १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांना नोंदणी आली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ कोण हे ठरवताना त्याच परिषदेच्या मान्यतेची पात्रता धरली. साधा समुपदेशक या साऱ्याबाहेर राहिला. पाटी लावायला त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. २०२१ साली सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग स्थापणारा कायदा झाला आणि त्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते यांचे काही प्रकार प्रथमच आले. या कायद्यातील 'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणजे तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांची पदवी घेतलेला माणूस. तास ही भाषा आपल्या कायद्यात आली, हे मला आशादायक वाटते.

२६/
पण त्यातले किती तास कुणाच्या नजरेखाली, हा खरा प्रश्न आहे. २०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवायला सांगितले. पत्राने समुपदेशन शिकता येत नाही, हे खरे. पण तालुक्याच्या गावी संसार आणि नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून एम.ए. करणाऱ्या बाईंसाठी तो एकच रस्ता होता. तो बंद केला तर जिल्हा रुग्णालयात, महाविद्यालयात, पर्यवेक्षकासह आणि विद्यावेतनासह तास मिळतील अशी सोय आधी हवी होती. नाहीतर पाट्या लावणारे पाट्या लावतीलच. फक्त तालुक्याच्या बाई त्यांत नसतील.

२७/
त्या मुलाला मी शेवटी कळवले ते असे: अर्ज कर. ज्या राज्यात पुढे राहायचे आहे त्याच्या परवाना मंडळाच्या अटी आधी वाच, विद्यापीठाची माहितीपत्रिका नंतर. अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, ६० श्रेयांक आहेत का, अंतर्वासितेची जागा विद्यापीठ मिळवून देते की तुलाच शोधावी लागते, आणि परदेशी विद्यार्थ्याला शिक्षणानंतरचे पर्यवेक्षणाचे तास व्हिसाच्या मुदतीत पूर्ण करता येतात का, हे लेखी विचार. हेतुपत्रात मोडी कागदांविषयी लिही, संकोचू नकोस. अपुऱ्या, खाडाखोड केलेल्या मजकुरातून माणूस वाचायचा सराव तुला आहे.

२८/
काल त्याचे उत्तर आले. म्हणतो, "दादा, हे सगळं केलं आणि परत आलो, तर इथे माझ्या तीन हजार तासांना कुणी विचारेल का?" यावर ज्यांना माहिती असेल, विशेषतः परदेशातून परवाना घेऊन महाराष्ट्रात परतलेले कुणी असतील, त्यांनी खाली अवश्य लिहावे. तपशिलात चूक आढळली तर तीही दाखवावी. दुरुस्ती याच धाग्यात जोडेन.